मोसमचे दोन काठ, एक बाजार

मालेगावचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा पोलीस बंदोबस्ताच्या निमित्ताने. २००६ व २००८ च्या बॉम्बस्फोटांनंतर तर हे गाव मुळात एक बाजारपेठ आहे, याचाच विसर पडला आहे.

गिरणा-मोसमच्या संगमाजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले हे सीमेवरचे गाव. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होण्यापूर्वी ते खानदेशात मोडत असे. आजही पेठेत अहिराणी, मराठी व उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. नारो शंकर राजेबहाद्दरांचा येथील किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये अरब शिबंदीशी लढून घेतला. पुढे उत्तरेतून, विशेषतः १८५७ च्या धामधुमीनंतर, मोमीन विणकर आले आणि माग बसले. मोसमच्या एका काठाला हिंदू व दुसऱ्या काठाला मुसलमान, ही विभागणी ढोबळमानाने खरी आहे. पण ती वस्तीची विभागणी, व्यवहाराची नव्हे.

हातमागाच्या काळात येथे रंगीत लुगडी विणली जात. ती नेसणार खेड्यातील शेतकरी स्त्री. तिला कोणता काठ रुचतो, लग्नसराईत कोणता रंग खपतो, हे उर्दू बोलणाऱ्या विणकराला ठाऊक असावेच लागे. आणि पाऊस हुकला की मागही मंदावत. एका समाजाचे पोट दुसऱ्याच्या सुगीवर अवलंबून असणे, याइतका टिकाऊ सलोखा कोणत्याही शांतता समितीला साधलेला नाही.

यंत्रमाग आले, नऊवारीचा वापर घटला आणि हे नाते सैल झाले. आता येथे मुख्यतः ग्रे, म्हणजे रंगाई-छपाई न झालेले कापड निघते. त्यातील बराचसा माल प्रक्रियेसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याला जातो आणि पुढे दुसऱ्याच गावाच्या नावाने विकला जातो. सुताचा भाव बाहेर ठरतो, कापडाचाही बाहेरच. या दोहोंच्या चिमटीत मागवाला सापडतो, आणि बारा तासांच्या पाळीत खपणारा कामगार त्याच्याही खाली. कसमादे पट्ट्यातील कांदेवाल्याची तऱ्हा निराळी नाही. त्याचाही माल कच्चाच बाहेर जातो.

रंगाई येथेच का होऊ नये? पाण्याची सबब सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. गिरणेच्या खोऱ्यात पिण्याच्या व ओलिताच्या पाण्यावरूनच ओढाताण असताना रंगाचे सांडपाणी मोसमात सोडणे परवडणार नाही. ते शुद्ध करून पुन्हा वापरणारी सामायिक यंत्रणा सरकारी भांडवलाशिवाय उभी राहणे अशक्य. दहा-वीस मागांच्या मालकाकडून ती अपेक्षा करणे फोल आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार ४ लाख ८१ हजार वस्तीच्या या शहराला रेल्वेसाठी मनमाड गाठावे लागते. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला मनमाड-इंदूर मार्ग मालेगाववरून जावयाचा आहे. मात्र त्यावरून ग्रे कापडच अधिक वेगाने बाहेर जाणार असेल, तर भाडे वाचेल, मजुरी वाढणार नाही. म्हणून स्थानकाबरोबरच प्रक्रिया-केंद्राच्या जागेची मागणी आताच, आणि दोन्ही काठांनी मिळून, व्हावयास हवी.