जुने वस्त्र आणि ‘कार्बन डेटिंग करा’ ही मागणी

एखाद्या घराण्यातील जुन्या अंगरख्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते, तो शिवकालीन असल्याचे कुणी सांगतो आणि वाद पेटतो. तो वाद हमखास एकाच वाक्यापाशी येऊन थांबतो: ‘कार्बन डेटिंग करा, सत्य बाहेर येईल.’ वस्त्रांच्या इतिहासात या पद्धतीची कामगिरी मोठी आहे. मात्र नेमक्या शिवकाळासाठी ही मागणी बहुतांशी निष्फळ ठरते.

कपाशीचे झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कर्ब घेत असते. त्यात कार्बन-१४चा अत्यल्प अंश असतो. बोंड वेचले की नवी भर थांबते आणि उरलेला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. विलर्ड लिबी यांनी १९४९च्या सुमारास या ऱ्हासावरून वय मोजून दाखवले. १९६० साली त्यांना नोबेल मिळाले. या कामी लाकडापेक्षा कापूस अधिक विश्वासू. जुन्या वृक्षाच्या गाभ्यातील लाकूड तोडणीच्या आधीच शतकभराचे असू शकते. कापूस एका हंगामाचा असतो.

लिबींच्या पद्धतीला नमुना इतका लागे की वय कळेपर्यंत वस्त्राचा मोठा तुकडा जळून जाई. पुढे थेट अणू मोजणारी यंत्रे आली आणि काही मिलिग्रॅम सूत पुरेसे झाले. १९८८ मध्ये तूरिनच्या प्रसिद्ध कफनाचे नमुने ऑक्सफर्ड, झुरिक व ॲरिझोना येथे तपासले गेले आणि त्याचे जवसाच्या धाग्याचे कापड इ.स. १२६० ते १३९० या काळातले निघाले.

भारताच्या दृष्टीने मोलाची कथा वेगळी आहे. जुन्या कैरोतील फुस्तात आणि इजिप्तमधील इतर ठिकाणांहून ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे शेकडो तुकडे बाजारात आले. निळीने व तांबड्या रंगाने रंगवलेले हे कापड गुजरातचे. पर्सी न्यूबेरी यांनी जमवलेला असा मोठा संग्रह १९४६ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाकडे गेला. तुकडे विक्रेत्यांकडून आलेले, त्यामुळे कोणत्या थरात काय सापडले याची नोंद नाही. गुजरातमधील इमारतींवरील नक्षीशी तुलना करून काळाचा अंदाज बांधायचा, एवढाच मार्ग होता. रूथ बार्न्स यांनी १९९०च्या दशकात या संग्रहाचा अभ्यास करताना निवडक तुकड्यांची कर्बतपासणी करवली. काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे गेले.

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर तोराजा कुटुंबांनी पवित्र ठेवा म्हणून जपलेली गुजराती वस्त्रेही तपासली गेली. त्यांतले हंसांच्या नक्षीचे एक लांबलचक कापड चौदाव्या शतकाच्या आसपासचे ठरले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला; त्याच्या कितीतरी आधी गुजरातचे कापड तांबड्या समुद्रापासून मसाल्यांच्या बेटांपर्यंत पोहोचत होते, याचा पुरावा या सुतात आहे.

मग शिवकाळाचेच काय बिघडले? हवेतील कार्बन-१४चे प्रमाण सदैव सारखे नव्हते. सूर्याच्या चढउतारांमुळे आणि पुढे दगडी कोळशाच्या धुरामुळे १६५० ते १९५० या तीन शतकांत त्याचा आलेख इतका वरखाली होतो की १६७०च्या दशकातला कापूस आणि १८०० सालच्या सुमाराचा कापूस यांचे मोजमाप जवळजवळ एकच येते. शिवराज्याभिषेकाच्या वर्षीचा अंगरखा आणि उत्तर पेशवाईतला अंगरखा यांत ही तपासणी सहसा फरक करू शकत नाही. १९५०च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी मात्र हवेतला कार्बन-१४ एकदम वाढवला. त्यामुळे अलीकडची बनावट पकडता येते. एकोणिसाव्या शतकातली नक्कल निसटते.

शिवाय ही तपासणी कापसाचे वय सांगते. छपाईचे, शिवणीचे नाही, आणि वस्त्र कुणी परिधान केले हे तर मुळीच नाही. अशा वेळी रंगांचे पृथक्करण अधिक उपयोगी. पहिला यशस्वी कृत्रिम रंग १८५६ मधला; मूळ कापडातच तसा रंग आढळला तर शिवकालाचा दावा तिथेच संपतो. शिवण, विणीचा पोत आणि घराण्याच्या दफ्तरातील मोडी याद्या यांचाही क्रम आधी लागतो. ज्या वस्त्राची शैली मध्ययुगाकडे बोट दाखवते, त्याचे पाच-दहा मिलिग्रॅम देताना संग्रहालयांनी हात आखडता घेऊ नये. अंगरख्याचा धागा कापण्याची घाई मात्र कुणी करू नये. आधी दफ्तर उघडावे.