ट्रकचे अ‍ॅव्हरेज आणि गोदामाचे फाटक

खरिपाचा धान घरात आला की भंडारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रकची वर्दळ वाढते. आधारभूत खरेदी केंद्रावरून धान राईस मिलमध्ये जातो, भरडाई होऊन तांदूळ शासकीय गोदामात जातो. व्यापाऱ्यांचा माल राष्ट्रीय महामार्ग 53 धरून नागपूरकडे किंवा रायपूर-कोलकात्याकडे निघतो. हा माल वाहणाऱ्या प्रत्येक मालकाच्या मनात एकच हिशेब चालू असतो: गाडी लिटरला किती देते? भरलेला दहा टायरी ट्रक चार किलोमीटर देतो असे धरू. भंडाऱ्याहून मुंबई सुमारे 900 किलोमीटर, म्हणजे 225 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तरी एका बाजूचे डिझेल 20,250 रुपयांचे. अ‍ॅव्हरेज 4 वरून 4.4 वर गेले तर वीस लिटर, म्हणजे 1,800 रुपये वाचतात. हप्ता, टोल, टायर आणि चालकाचा भत्ता वजा केल्यावर एका गाडीच्या मालकाच्या हाती जे उरते, त्यात ही रक्कम मोठी आहे.

डिझेल महागण्यात कच्च्या तेलाइतकाच कराचाही वाटा आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, जून 2017 पासून ते रोज ठरू लागले. दर बाजारावर सोडल्याचे सांगितले गेले, पण 2014 मध्ये लिटरमागे 3.56 रुपये असलेले केंद्राचे उत्पादन शुल्क मे 2020 मध्ये 31.83 रुपयांवर गेले. तेव्हा कच्चे तेल कोसळले होते आणि त्या स्वस्ताईचा लाभ पंपावर पोहोचलाच नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 10 आणि मे 2022 मध्ये 6 रुपयांची कपात झाली. राज्याचा व्हॅट वेगळा. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावरचा कर वाहतूकदाराला आपल्या जीएसटीतून वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच मुरतो.

दुसरा खर्च धुराच्या नियमांचा. तो मात्र आवश्यक होता, हे आम्ही ठामपणे म्हणतो. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या एकूण वाहनांत ट्रक फक्त 3 टक्के आहेत, पण वाहनांमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी 53 टक्के त्यांच्यातून येतात. 1 एप्रिल 2020 पासून देशाने बीएस-5 चा टप्पा गाळून थेट बीएस-6 हे धुराचे निकष स्वीकारले. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 50 वरून 10 वर आले. जड इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅमवरून 0.4 ग्रॅमवर आली. महामार्गाच्या कडेला टपरी चालवणारा, टोलनाक्यावर आठ तास उभा राहणारा कामगार आणि स्वतः चालक यांच्या फुप्फुसांसाठी हा फरक फार मोठा आहे.

नव्या गाडीत त्यासाठी दोन गोष्टी आल्या. एक काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ. दुसरी म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत युरियाचे द्रावण फवारून विषारी वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा. हे द्रावण, डीईएफ, साधारण 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असे असते. चालकांच्या तोंडी ते नुसते ‘युरिया’. धानपट्ट्यात ही गोष्ट नाजूक आहे, कारण बांधीत टाकायच्या युरियाचे पोते अनुदानामुळे स्वस्त मिळते आणि ते पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा मोह होऊ शकतो. पण 2015 पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. असले द्रावण नोझल आणि कॅटॅलिस्ट निकामी करते, दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. शिवाय ऐन रोवणीनंतर युरियासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पोते त्यात जाते. अनुदानित खत असे वळवणे हा गुन्हा आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी.

फिल्टरची अडचण मात्र चालकाच्या हातात नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला धूर पुरेसा तापावा लागतो. महामार्गावर दोन तास एका गतीने धावणाऱ्या गाडीत ते आपोआप होते. खरेदी केंद्र ते मिल, मिल ते गोदाम अशा वीस-पंचवीस किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीत होत नाही. ती फाटकाबाहेर रांगेत उभी राहते, इंजिन चालू-बंद करत एकेक गाडीने पुढे सरकते, काट्यावर थांबते, मग हमालांसाठी थांबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो. चालक दुर्लक्ष करतो, कारण नंबर जाईल. शेवटी इंजिनची ताकद कमी होते आणि गाडी कडेला घेऊन, डिझेल जाळून फिल्टर साफ करावा लागतो. शिवाय उभ्या इंजिनातही डिझेल जळते ते वेगळेच. या गाडीचे अ‍ॅव्हरेज गोदामाच्या फाटकावर पडते, त्याचा दोष बीएस-6 ला देणे बरोबर नाही.

इंधन कार्यक्षमतेचे सरकारी निकष नेमके इथेच अपुरे वाटतात. 12 टनांवरच्या डिझेल वाहनांसाठी केंद्राने ऑगस्ट 2017 मध्ये असे निकष अधिसूचित केले; अंमलबजावणी मात्र रखडत राहिली. चाचणी होते ती ट्रॅकवर, ताशी 40 आणि 60 किलोमीटरच्या स्थिर गतीने. अशी स्थिर गती तुमसर-भंडारा रस्त्यावर हंगामात कुणाला मिळते? निकष असावेतच. इंजिन, टायर आणि केबिनचा आकार सुधारायला कंपन्यांना त्यामुळेच भाग पडते, आणि गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना असलेल्या जिल्ह्याला तर त्याचे महत्त्व सांगायला नको. पण चाचणीत थांबणे, रिकामी परत येणे आणि चढ-उतार धरले गेले तरच खरेदीदाराला खरा आकडा कळेल.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकमध्ये चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, त्यालाही थोडे डिझेल लागते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये बसून पाहिलेला कुणीही हा खर्च अनाठायी म्हणणार नाही. प्रश्न तो कुणी उचलायचा एवढाच आहे. आज तो लहान मालकावर पडतो. डिझेल वाढले तरी भाडे लगेच वाढत नाही, आणि घासाघीस करायची त्याची ताकद नसते.

जिल्ह्यात धान आणि तांदळाच्या वाहतुकीचे मोठे काम सरकारी योजनेतूनच निघते, म्हणून सुरुवात शासनाला करता येईल. भरडाईच्या वाहतुकीचा दर दर तीन महिन्यांनी डिझेलच्या दराशी जोडावा. प्रत्येक गोदामाच्या फाटकावर गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ पावतीवर नोंदवावी, आणि ठरावीक तासांपलीकडच्या खोळंब्याचे पैसे द्यावेत. गाड्यांना आदल्या दिवशीच वेळ दिली तर रांग लागणार नाही. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हे आदेश निघू शकतात. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.