परवागिल्ल, सिस्टर

मी मूळची निपाणीची. एकोणीस वर्षं बंगळुरूत युरोलॉजीच्या वॉर्डात सिस्टर आहे, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली.

गेल्या महिन्यात तुमकुरूकडचे एक शेतकरी मुतखड्याचं पीसीएनएल, म्हणजे पाठीतून दुर्बिणीने खडा काढायचं ऑपरेशन, करून वॉर्डात आले. रात्री अकराला विचारलं, किती दुखतंय? ‘परवागिल्ल, सिस्टर,’ म्हणाले. म्हणजे चालायचंच. पण हाताने कॉटची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडलेली. म्हटलं, जरा खोकून दाखवा. अर्धा खोकला आला आणि डोळ्यांत पाणी.

पडून असलेल्या माणसाला विचारून चार्टवर दुखण्याचा आकडा ‘दोन’ लिहिणं सोपं असतं. खोकताना, कूस बदलताना, उठताना विचारा, मग खरं कळतं. पाठीत छेद जेमतेम सेंटिमीटरभराचा, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण दुर्बिणीची वाट कातडी, स्नायू भेदून थेट किडनीत जाते, आणि पुष्कळदा त्याच वाटेत नळी ठेवलेली असते. बरगडीखाली दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकत नाही, छातीत कफ साठतो.

यावर साधा उपाय आहे. ऑपरेशन संपताना, पेशंट टेबलावर असतानाच, त्या वाटेच्या कडेने ब्युपिवॅकेनचं इंजेक्शन द्यायचं. जागेवरची भूल. औषध जुनं आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं आहे. पहिले काही तास दुखणं कमी राहतं आणि बाकीची वेदनाशामकं कमी लागतात, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. किडनीच्या पेशंटला याचं मोल जास्त. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डायक्लोफिनॅक देता येत नाही. ट्रामाडॉलने कितीतरी जणांना उलट्या होतात, आणि पाठीत नळी असताना ओकणं काय असतं ते मी रोज बघते.

याने सगळं दुखणं जात नाही. आत स्टेंट असेल तर लघवीच्या वेळची कळ राहतेच. डोस वजनाप्रमाणे मोजावा लागतो. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदयावर बेतू शकतं. त्यामुळे हे काम सर्जन आणि भुलीच्या डॉक्टरांनी ठरवून करायचं. पण ते डॉक्टरांच्या सवयीवर सोडू नये, पीसीएनएलच्या प्रत्येक पेशंटसाठी आधीच ठरलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि घरच्यांनो, संमतीच्या कागदावर सही करताना तुम्ही खर्च विचारता, खडा परत होईल का विचारता. जखमेत भुलीचं इंजेक्शन देणार का, हेही विचारा. त्या शेतकऱ्यांच्या मुलाला हे विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. रात्री एकला ड्युटी डॉक्टरांना उठवून औषध वाढवून घेतलं, तोवर तो बापाच्या पायाशी बसून तळवे चोळत होता.