ठेका धरणारा

पेसमेकर हा शब्द निघाला की आपल्या घरांतून आठवण होते ती कुणा अण्णांच्या नाहीतर मावशींच्या छातीत बसवलेल्या यंत्राची. आज मी ज्या पेसमेकरविषयी लिहिणार आहे त्याला मात्र दोन पाय असतात आणि मॅरेथॉनच्या शर्यतीत तो सर्वांच्या पुढे धावत असतो. मौज अशी की, जिंकणे हे त्याचे कामच नव्हे. ठरलेल्या वेगाने ठरलेल्या टप्प्यापर्यंत धावायचे, मग रस्त्याच्या कडेला व्हायचे आणि ठरलेली बिदागी घेऊन घरी जायचे, असा हा व्यवसाय आहे. मैफलीत तबलजी ठेका धरतो आणि त्याच्या भरवशावर गवई मोकळा होऊन गातो. तसाच हा धावण्याचा ठेका धरणारा. फरक इतकाच की, तबलजी मैफल संपेपर्यंत बसतो. हा भैरवीच्या आधीच उठून जातो.

आता तुम्ही म्हणाल, धावणाऱ्याला ठेका कशाला हवा? ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागो शहरात केनियाच्या केल्विन किपटम या तरुणाने ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर दोन तास आणि वर अवघ्या ३५ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. (चारच महिन्यांनी, वयाच्या २४ व्या वर्षी, तो मोटारीच्या अपघातात गेला.) असले आकडे आपल्या डोक्यात पटकन शिरत नाहीत. तेव्हा असे करा. दिवाळीच्या सुटीत घरातल्या सगळ्यांत चपळ मुलाला मैदानावर न्या, १०० मीटर मोजा, आणि त्याला ते १७ सेकंदांत धावायला लावा. धापा टाकत का होईना, पण धावेल. मग त्याला सांगा, ‘शाबास! आता न थांबता हेच आणखी ४२१ वेळा.’

हा वेग तासाला २१ किलोमीटर पडतो. हवा अगदी पडलेली असली तरी एवढ्या वेगाने जाणाऱ्याच्या तोंडावर तेवढाच वारा येतो. पुढे दोघेतिघे असले तर तो वारा ते आपल्या छातीवर घेतात, आणि मागच्याची थोडी थोडी शक्ती वाचत जाते. दुसरी गोष्ट हिशेबाची. मॅरेथॉनमध्ये सुरुवातीला उधळपट्टी करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच पगार उडवणाऱ्या गृहस्थाची गत येते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतली साखर संपते आणि पाय शिसे होतात. म्हणून प्रत्येक किलोमीटर सारख्या वेळात जायला हवा. ते घड्याळ सांभाळण्याचे काम पुढचा करतो. मागच्याने फक्त त्याच्या पाठीकडे पाहायचे.

हे ऐकून आमचे चिरंजीव फुत्कारले, ‘मग बाबा, हा विक्रम त्याचा कसला? भाड्याची माणसे लावून केलेला!’

शंका जुनी आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची भिंत फोडली. त्यांच्यापुढे आधी ख्रिस ब्रॅशर आणि नंतर ख्रिस चॅटवे हे दोघे मित्र धावत होते. तेव्हाही काहींनी नाके मुरडलीच. पण यांतल्या ब्रॅशर यांची कथा पुढे ऐका. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत त्यांनी स्वतः सुवर्णपदक मिळवले. आणि १९८१ साली जॉन डिस्ली यांच्यासह लंडन मॅरेथॉन सुरू केली. मित्रासाठी ज्याने वारा खाल्ला, त्यानेच मांडून ठेवलेल्या शर्यतीत पुढे कितीतरी जणांनी विक्रम केले.

त्याच लंडनमध्ये २००३ साली पॉला रॅडक्लिफ या इंग्लिश बाईंनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विक्रम केला. सोबतीला दोन पुरुष धावपटू होते. बाईंचा बाणा असा की, ते पुढे नकोत, शेजारी धावोत. तरीही २०११ साली जागतिक संघटनेने ठरवले की, पुरुषांच्या संगतीत झालेली वेळ स्त्रियांचा विक्रम म्हणून धरायची नाही. केवढा गहजब झाला! अखेर तडजोड निघाली आणि स्त्रियांच्या विक्रमांचे दोन रकाने झाले: एक मिश्र शर्यतीचा, दुसरा केवळ स्त्रियांच्या शर्यतीचा.

ठेका धरण्यालाही मर्यादा असते, हे व्हिएन्नात दिसले. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाचा एल्यूड किपचोगे तिथे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर धावला. त्याच्यासाठी ४१ पेसमेकर होते. ते पाळीपाळीने ताज्या दमाने आत येत. काही पुढे बाणाच्या आकारात, काही मागे. त्यांच्याही पुढे एक मोटार रस्त्यावर प्रकाशाच्या रेघा टाकीत चाललेली. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या, पण विक्रमाच्या वहीत ही वेळ चढली नाही. कारण ती खुली शर्यतच नव्हती, आणि नियम असा की, पेसमेकरनेही सर्वांबरोबर सुरुवातीच्या रेषेवरूनच निघाले पाहिजे. मधूनच ताजा माणूस आणायचा नाही.

आणि हाच किपचोगे १६ सप्टेंबर २०१८ रोजी बर्लिनला धावला, तेव्हा त्याचा शेवटचा पेसमेकर २५ व्या किलोमीटरलाच थकून बाजूला झाला. उरलेले सतरा किलोमीटर हा गडी एकटा धावला, आणि २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विक्रम करून गेला. चिरंजीवांना मी हेच सांगितले. पाठ दिसेनाशी झाल्यावर जे उरते ते ज्याचे त्याचे असते. पण तिथवर पोचवणारी ती पाठ खोटी ठरत नाही.

हे मला धावपटूंकडून शिकावे लागले नाही. आमचे वडील गेले तेव्हा आक्का मॅट्रिक होती. गुण माझ्यापेक्षा सरस. तिने कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. तो तसाच पेटीत राहिला आणि ती एका कचेरीत टंकलेखिका म्हणून रुजू झाली. तिच्या पगारावर मी आणि धाकटा पदवीधर झालो. पहिल्या नोकरीचे पेढे मी आणले, तेव्हा आक्काने ते सगळ्या बिऱ्हाडांत स्वतः वाटले. कुणी विचारले तर सांगायची, ‘आमचा भाऊ फार हुशार हो!’ तिच्या हुशारीविषयी बिऱ्हाडांत कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

अशा पुढे धावणाऱ्याच्या मनात कधी येत नसेल का, की आज आपण बाजूला होऊच नये? येते. १९९४ साली लॉस एंजेलिसच्या मॅरेथॉनमध्ये पॉल पिल्किंग्टन या पेसमेकरच्या मागे कुणी आलेच नाही. त्याने वळून पाहिले तर रस्ता मोकळा. तो धावतच राहिला आणि शर्यत जिंकला! मागून आलेला इटालियन धावपटू आपणच पहिले या समजुतीत होता. तो संतापला, पण नियमात काही चुकले नव्हते. रेषेवरून निघालेल्या प्रत्येकाला शेवटपर्यंत धावण्याचा हक्क असतो.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती २८ सप्टेंबर २००३ ची बर्लिनची शर्यत. केनियाचा पॉल टेरगॅट हा दुसऱ्या क्रमांकासाठीच जन्मला आहे असे लोक म्हणू लागले होते. १९९६ च्या आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला त्याला रौप्यपदकच मिळाले. सिडनीत तर सेकंदाच्या नऊशतांश भागाने सुवर्ण हुकले. बर्लिनला त्याच्यासाठी ठेका धरायला सॅमी कोरीर होता. आपले काम झाल्यावर कोरीर बाजूला झाला नाही. तो धावतच राहिला. ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या अलीकडे-पलीकडे दोघांची अशी झुंज लागली की, पैसे कोणी कोणासाठी घेतले होते हे पाहणारा विसरून जावा.

टेरगॅट जिंकला. वेळ २ तास ४ मिनिटे ५५ सेकंद. दोन तास पाच मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावलेला तो पहिला माणूस. विक्रमाच्या यादीत ते नाव आहे आणि ते तिथे असणे रास्तच आहे. सॅमी कोरीरची वेळ होती २ तास ४ मिनिटे ५६ सेकंद. त्या दिवसापर्यंत या पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याहून वेगाने हे अंतर धावलेला मनुष्य एकच होता, आणि तो त्याच्या पुढे एक सेकंद उभा होता.