आधी पदोन्नती रोखली, मग पात्रता विचारली!

गेल्या काही महिन्यांत आमच्या कार्यालयात येणाऱ्या पक्षकारांमध्ये जिल्हा परिषद शाळांतील गुरुजींची संख्या वाढली आहे. सेवापुस्तकाच्या झेरॉक्स, ज्येष्ठता यादीची पाने आणि शासन निर्णयांच्या प्रती भरलेली पिशवी प्रत्येकाच्या हातात असते. त्यांपैकी एका गुरुजींची हकिकत येथे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण ती त्यांच्या एकट्याची नाही.

हे गुरुजी १९९७ साली डी.एड. करून सेवेत लागले. घरात दहावीच्या पुढे गेलेले ते पहिलेच. नोकरी सांभाळून त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, मग बी.एड. केले. २०१६ च्या ज्येष्ठता यादीत त्यांचे नाव मुख्याध्यापकपदाच्या टप्प्यात आले. पण बिंदुनामावली तपासून झालेली नाही, या सबबीवर त्या वर्षी पदोन्नतीची बैठकच झाली नाही. आज त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी कनिष्ठ असलेला शिक्षक मुख्याध्यापक झाला आहे. कारण तो टीईटी उत्तीर्ण आहे. जयभीम करून खुर्चीवर बसल्यावर गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, तेव्हा मी पात्र होतो ना? मग आता अपात्र कसा झालो?"

या प्रश्नाचे उत्तर तीन तारखांमध्ये दडलेले आहे.

पहिली तारीख ४ ऑगस्ट २०१७. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी रद्द ठरवला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु दरम्यान काय केले? खुल्या प्रवर्गाच्या जागा भरणे चालू ठेवले आणि मागासवर्गीयांच्या वाट्याच्या ३३ टक्के जागा रिकाम्या ठेवल्या. संविधानाच्या ७७ व्या घटनादुरुस्तीने १९९५ साली कलम १६(४क) आले. अनुसूचित जाती-जमातींना पदोन्नतीत आरक्षण देण्याचा अधिकार राज्याला मिळाला. त्यासाठी प्रतिनिधित्व किती अपुरे आहे याची आकडेवारी गोळा करा, असे नागराज खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. ही आकडेवारी कोणी गोळा करायची होती? ज्यांच्या ताब्यात सगळी दप्तरे आहेत त्या शासनानेच! ते काम वेळेवर झाले असते तर पुढचे रामायण घडले नसते.

दुसरी तारीख ७ मे २०२१. या दिवशीच्या शासन निर्णयाने रिकाम्या ठेवलेल्या त्या ३३ टक्के जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश निघाला. चार वर्षे ज्या जागेची वाट पाहिली ती जागाच नाहीशी झाली. आमचे गुरुजी यादीत पुन्हा मागे ढकलले गेले.

तिसरी तारीख १ सप्टेंबर २०२५. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी आली. त्यापूर्वी लागलेल्या शिक्षकांना ही अट नाही, असेच सर्वजण समजत होते. नोकरी राहील, पण पदोन्नतीसाठी टीईटी हवी, असे मद्रास उच्च न्यायालयाने २ जून २०२३ रोजी म्हटले. सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेले. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बाकी असलेल्या जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाही तर सेवा सोडावी लागेल, असा निकाल त्याने दिला. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांची नोकरी शाबूत राहील, परंतु टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. गुरुजी २०२९ साली निवृत्त होतील. सेवाज्येष्ठतेने त्यांचा क्रमांक पुन्हा जवळ आला, तोच हे दार लागले.

कोणी म्हणेल, जागा २०१६ ची, मग नियमही २०१६ चा लावा. पूर्वी कायदा असाच होता. १९८३ च्या रंगय्या खटल्यापासून, पद रिकामे झाले त्या वेळचा नियम लागू होतो, असे आम्ही वकील मंडळी न्यायालयात सांगत आलो. परंतु २० मे २०२२ रोजी राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. आता पदोन्नतीचा विचार होताना जो नियम असेल तोच लागू होतो. याचा सरळ अर्थ वाचकांनी लक्षात घ्यावा. प्रशासनाने जितका उशीर केला, तितका त्याचा दंड शिक्षकाने भरायचा! फाईल दाबणाऱ्याला शिक्षा नाही आणि वाट पाहणारा मात्र अपात्र.

येथे आम्हाला आपल्याच बांधवांना एक कटू गोष्ट सांगायची आहे. अनेक संघटनांच्या सभांमधून 'टीईटी रद्द करा' एवढीच घोषणा ऐकू येते. आम्ही त्या घोषणेत सामील नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची मुले बसतात? अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत गेली आणि गुरुजींचीही गेली. मागे राहिली ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, बौद्धवाड्यातली, पारधी वस्तीवरची. त्यांना उत्तम शिक्षक मिळू नये असे आंबेडकरी माणूस कसे म्हणेल? १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पगार चांगला असावा आणि ते बहुजन वर्गांतूनही यावेत, अशी मागणी केली होती. पात्रतेचा आग्रह मुळात आमचाच आहे. बाबासाहेबांनी तर आयुष्यभर परीक्षा दिल्या.

आमचा आक्षेप पात्रतेला नाही, पात्रतेच्या निवडक वापराला आहे. टीईटी घोटाळ्यात गुण वाढवून घेतलेले सात हजारांहून अधिक उमेदवार २०२२ साली राज्य परीक्षा परिषदेला अपात्र ठरवावे लागले. पैसे मोजून प्रमाणपत्र घेणारा काही काळ 'गुणवंत' ठरला आणि २८ वर्षे वस्तीशाळेपासून केंद्रशाळेपर्यंत फळ्यासमोर उभा राहिलेला 'गुणवत्ताहीन' ठरतो. हा कुठला न्याय?

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पदोन्नतीची बैठक झालीच पाहिजे, आणि ती न झाल्यास संबंधित अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. जुन्या शिक्षकांना टीईटीच्या तयारीसाठी रजा आणि जिल्हा स्तरावर मोफत मार्गदर्शन वर्ग द्यावेत. ज्यांची संधी निव्वळ प्रशासकीय दिरंगाईने गेली, त्यांना निदान वेतननिश्चितीत आणि निवृत्तिवेतनात त्याची भरपाई मिळावी. आणि प्रतिनिधित्वाची आकडेवारी सादर करून पदोन्नतीतील आरक्षणाची लढाई सरकारने मनापासून लढावी.

शिक्षक बांधव-भगिनींनाही चार शब्द. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की आपले नाव, नेमणुकीची तारीख, प्रवर्ग आणि पदवीची नोंद स्वतः तपासा. हरकत मुदतीत आणि लेखी द्या, पोच घ्या. बी.ए., बी.एड.ची नोंद सेवापुस्तकात झाली का ते पाहा. 'पदोन्नती नको' अशा तयार कागदावर कोणाच्या सांगण्यावरून सही करू नका. जिल्हा परिषद शिक्षकाचा वाद मॅटमध्ये नव्हे, तर उच्च न्यायालयात जातो, आणि वर्षानुवर्षे गप्प बसलेल्याला तिथे दाद मिळणे कठीण असते. टीईटीचा अर्जही भरा. १५० गुणांचा पेपर आहे, मागासवर्गीयांना ५५ टक्के पुरतात आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

त्या गुरुजींना आम्ही हेच सांगितले. खटला लढू, पण अभ्यासही करा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मुलगी डी.एड. करते आहे. दोघे मिळून फॉर्म भरतो." पिशवी उचलून ते निघाले तेव्हा आम्हाला जाणवले की हा प्रश्न एका खुर्चीचा नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत आपला माणूस बसला की पटावरच्या आपल्या पोराला शाळा आपली वाटते. ती खुर्ची आम्ही भीक म्हणून मागत नाही. परीक्षा देऊन घेऊ, आणि अडवली तर न्यायालयातून घेऊ. जयभीम!