दुपट्याच्या टाक्यांचा हिशेब

गोधडीचे कौतुक करण्याची एक लाट सध्या मध्यमवर्गात आली आहे. प्रदर्शनांतून ती मांडली जाते, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली जाते, आणि तान्ह्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्याचा विषय निघाला की वक्त्यांचा कंठ दाटून येतो. 'मायेची ऊब' हे शब्द अशा प्रसंगी हटकून येतात. मायेविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या कामाला समाज मायेचे नाव देतो त्याची मजुरी तो सहसा देत नाही, हा अनुभव जुना आहे. कारखान्यातल्या शिलाईला श्रम म्हणणारे आपले कार्यकर्तेही घरातल्या सुईपाशी आले की हीच भाषा बोलू लागतात, म्हणून हा विषय येथे काढावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, गारखेडा भागातले एखादे साधे घर घ्यावे. लेक सातव्या महिन्यात माहेरी आली की तेथे बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबली, टोपडी, कुंची, बाळुती आणि दुपटी. आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन पदर, मध्ये झिजलेल्या धोतराचा थर, वर उरल्यासुरल्या खणांची ठिगळे, आणि काठाकडून मध्याकडे फेऱ्या घेत गेलेला धावदोरा. नवजात बालकाला प्रथम जुनेच वस्त्र घालावे, अशी रूढी अनेक घरांत आहे. तिचे कारण शुभाशुभाचे सांगितले जाते. तथापि नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला सोसत नाही, हे ज्या बाईने प्रथम ओळखले तिला वस्त्रशास्त्र चांगलेच कळत होते. दुपटे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि ओळींतले अंतर अर्धा इंच धरले, तर एका दुपट्यात दोनशे सोळा फूट शिवण होते. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर टाके पाच हजारांवर जातात. स्वयंपाकपाणी आवरून, दुपारच्या उजेडात, बहुधा चष्मा लागलेल्या डोळ्यांनी घातलेले.

देशाच्या श्रमशक्ती-पाहणीत या बाईसाठी एक खाना आहे. त्याचा संकेतांक ९३. घरकाम सांभाळून भाजी, जळण, चारा विनामूल्य गोळा करणारी आणि घरच्या वापरासाठी शिवणकाम, विणकाम करणारी व्यक्ती, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे शासनाला ती बाई दिसते, तिच्या हातातली सुईही दिसते. आणि एवढे सारे पाहून झाल्यावर तिची गणना श्रमशक्तीच्या बाहेर केली जाते. उलट घरी खाण्यापुरती ज्वारी पिकवणारा तिचा भाऊ त्याच पाहणीत काम करणारा ठरतो. दोघांनीही बाजारात काही विकलेले नाही. ज्वारी पोटात जाते, गोधडी अंगावर येते, एवढाच फरक! संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीने तर १९९३ च्या आवृत्तीत घरच्या वापरासाठी केलेली शिवण उत्पादनाच्या कक्षेत धरली आहे. तेव्हा अर्थशास्त्राच्या अडचणीकडे बोट दाखवून हात झटकण्याची सोयही उरत नाही.

आता या घरात लुगडे तरी कोठे उरले आहे? १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती कापडाला झुकते माप देण्याची जुनी भूमिका सोडली आणि कृत्रिम धाग्याला रान मोकळे करून दिले. नेसायला स्वस्त आणि धुवायला सोपी म्हणून गरीब बाईने कृत्रिम साडी घेतली, यात तिचा दोष नाही. पण ती साडी कितीही जुनी झाली तरी लुगड्यासारखी मऊ होत नाही, घाम टिपत नाही, बाळाचे ओले शोषत नाही. गारखेड्यात सूतगिरणी चौक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बरोबर तेथे आणून सोडतो; चाती मात्र तेथे फिरत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलीला आपल्या बाळासाठी सुती चिंधी विकत घ्यावी लागते.

आणि विकत घ्यायचे म्हटले की व्यापारी हजर असतो. 'हाताने शिवलेले' असे बिल्ल्यावर छापून दुपटे, कुंची, टोपडे यांचा संच दुकानात येतो. तो शिवणारी बाई बिल्ल्यावर नसते. नगावर काम देण्याची ही पद्धत कोणाला नवी नाही. कापलेले तुकडे व्यापाऱ्याचे. वीज बाईची, जागा बाईची, शिलाई यंत्राचा हप्ता बाईचा, पुष्कळदा दोराही तिचाच, आणि नापसंत ठरलेल्या नगाचा तोटाही तिच्याच पदरात. तिला कामगार म्हणायचे नाही, कारण ती घरी बसलेली आहे. तिला 'उद्योजिका' म्हणण्यास मात्र सर्वांची तयारी असते.

कायदा याबाबतीत पुढे गेला नाही, मागे आला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने कर्मचाऱ्याच्या व्याख्येत माल घरी नेऊन काम करणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, आणि तिच्यातल्या व्याख्येत तो उल्लेख उरला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरबसल्या कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही.

'घराघरांत विखुरलेल्या बायकांची संघटना होत नाही,' असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते सांगतात. विड्या वळणाऱ्या बायका घरीच बसत होत्या. तरीही १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात त्यांना कामगार म्हणणे सरकारला भाग पडले, ते त्या क्षेत्रात संघटना होत्या म्हणून. अहमदाबादच्या दर्यापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या मुस्लिम स्त्रियांना इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेने एकत्र आणले, दरासाठी व्यापाऱ्यांशी झुंज दिली, आणि पुढे त्या स्त्रियांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. काम तेच होते, सुईदोऱ्याचे. आपल्याकडे १९७० च्या दशकात महागाईविरुद्ध लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा लाटणे ही खाजगी वस्तू आहे अशी शंका मृणाल गोरे यांना किंवा अहिल्या रांगणेकरांना आली नव्हती.

तेव्हा गारखेड्यातल्या कार्यकर्त्यांनी आरंभ एका वहीने करावा. गल्लीत तुकडे कोण आणून देतो, एका दुपट्यामागे काय देतो, किती दिवसांनी देतो, परत केलेल्या नगाचे किती कापतो, आणि तेच दुपटे दुकानात कितीला जाते. पाच रकाने पुरे. भाऊबिजेच्या मेळाव्यात साड्या वाटण्याऐवजी ही वही मोठ्याने वाचावी, आणि वाचताना शिवणाऱ्या बायकांना पुढच्या रांगेत बसवावे.