लिफ्टला सबसिडी, वसतिगृहाला उन्हाळा

विजेच्या बिलावर लिहितोय म्हटल्यावर काहीजण नाक मुरडतील. अत्याचार चाललेत, नोकऱ्या नाहीत आणि हा पंखे मोजत बसलाय! होय, बसलोय. कारण त्या पंख्याखाली आपली पोरं अभ्यास करतात आणि त्याचं बिल त्यांच्या ताटातून जातं.

ताटातून कसं, ते सांगतो. मी अनुदानित वसतिगृहात वाढलो. पोरामागं ठरलेलं अनुदान यायचं, तेही उशिरा. त्यातच किराणा, त्यातच वीज. मार्चनंतर पत्रा तापला की पंखे रात्रभर चालायचे आणि महिनाअखेरीला डाळ पातळ व्हायची. स्वयंपाकाच्या मावशी सरळ सांगायच्या, "बिल आलंय रे पोरांनो." बस्स, विषय संपला.

आता हिशेब करा. चाळीस जुने पंखे, एकेक ७५ वॅटचा, रोज १२ तास. झाले ३६ युनिट. त्याजागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावा, साडेचौदा युनिटांच्या आत काम भागतं. महिन्याला साडेसहाशेच्या आसपास युनिट वाचतात. वर छपराला पांढरा रंग मारला तर खोलीची धग उतरते. पण पंखा घ्यायला एकरकमी पैसा लागतो. ज्याच्याकडं डाळीला पैसा नाही, तो चाळीस पंखे कुठून आणणार? बचत करायलासुद्धा आधी खिशात काहीतरी असावं लागतं. म्हणून अनुदान लागतं.

मग सरकार ते कुणाला देतं? छपरावरच्या सौरऊर्जेचंच बघा. पहिल्या टप्प्यात धर्मादाय संस्था, शाळा, दवाखाने यांनाही केंद्राचं ३० टक्के साहाय्य होतं. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात ते फक्त राहत्या घरांपुरतं उरलं. २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली. ७५,०२१ कोटी रुपये, एक कोटी घरं, घरामागं ७८,००० पर्यंत. घरांना मिळतंय, आनंद आहे. हाउसिंग सोसायटीच्या सामाईक वापरालाही, म्हंजे लिफ्टला, पंपाला, गाड्यांच्या चार्जिंगला, किलोवॅटमागं १८,००० मिळतात. आणि ट्रस्टचं वसतिगृह? वस्तीतली अभ्यासिका? ती 'घर' नाहीत. शंभर पोरं जिथं झोपतात, जेवतात, आजारी पडतात, ते घर नाही. टॉवरची लिफ्ट मात्र घरात मोडते. वा रे व्याख्या!

अमेरिकेनं २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात बिगरनफा संस्थांच्या इमारतींसाठी ५ कोटी डॉलर वेगळे काढले. एका अनुदानाची मर्यादा दोन लाख डॉलर. दिवे, खिडक्या, दारं, छप्पर, सगळं त्यात बसतं. वाचून बरं वाटलं. पण खालची अट वाचा: इमारत संस्थेच्या मालकीची पाहिजे. ज्या ब्लॅक पँथर्सवरून १९७२ ला आपल्याकडं पँथर हे नाव आलं, त्यांनी १९६९ ला ऑकलंडमध्ये पोरांचा मोफत नाश्ता एका चर्चच्या जागेत सुरू केला होता. असा कायदा तेव्हा असता तर पैसा चर्चला मिळाला असता. नाश्ता वाढणाऱ्यांच्या हाती भांडीच राहिली असती.

गोम इथं आहे. अनुदान मालकीच्या मागं धावतं. काम कोण करतं, हे कुणी विचारत नाही. आणि मालकी कुणाकडं आहे, हे आपल्याला शिकवायला नको. ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या संस्था भाड्याच्या खोलीतच सुरू होणार.

कुणी म्हणेल, अनुदान घेतलं की चळवळ मिंधी होते. होते ना, जेव्हा ते साहेबाच्या मेहेरबानीवर मिळतं तेव्हा. नियमात लिहिलं आणि मीटरच्या आकड्यावर ठरवलं, तर ते हक्काचं. मीटरला जात कळत नाही, वशिलाही कळत नाही.

म्हणून मागण्या तीनच. एक, धर्मादाय वसतिगृहं, अभ्यासिका, दवाखाने यांना सौरऊर्जेच्या साहाय्यात परत घ्या. दोन, भाड्याच्या जागेतल्या संस्थांनाही पंखे, दिवे, रंगासाठी पैसा द्या. जागा बदलली तर पंखे संस्थेबरोबर जातील. आणि सुधारणेच्या नावाखाली मालकानं भाडं वाढवायचं नाही, हे करारात लिहून घ्या. तीन, पैसा कामाआधी द्या. आधी खर्च करा, मग सबसिडी खात्यात येईल, ही पद्धत ज्याच्याकडं आधीच पैसा आहे त्याच्यासाठी आहे.

आणि आपण काय करायचं? येत्या रविवारी आपापल्या वस्तीतल्या वसतिगृहात, अभ्यासिकेत, विहारात जा. वर्षाची बिलं मागा. पंखे मोजा. कागदावर मांडा. निवेदनं आपण पुष्कळ दिली. या वेळी सोबत बिलं जोडून द्या.